चर्चचं मेण

तू पाठवलेलं कार्ड गातं, हे पाकिटावर लिहायला काय झालं होतं? विषाच्या बाटलीवर विष लिहितात, विजेच्या खांबावर कवटी काढतात, मग गाणाऱ्या कार्डावर दोन शब्द खरडायला तुझा हात झिजला असता का? उघडलं की गातं, आणि मिटलं तरी ओळ पुरी केल्याशिवाय थांबत नाही. स्वभावाने अगदी तुझ्या आत्यावर गेलंय. मला काय ठाऊक? सकाळच्या मिस्साला जाताना मी ते पिशवीत टाकलं, कारण आत तू काय लिहिलंयस ते मला चर्चमध्ये बसून नीट वाचायचं होतं. घरात तुझ्या बापाच्या डोळ्यांदेखत ते उघडता येत नव्हतं. संत व्हॅलेंटाईनचा सण, आम्ही मोजकी म्हातारी माणसं गुडघ्यांवर, फादरांनी भाकर वर उचललेली, वातीची तडतड ऐकू यावी अशी शांतता, आणि पिशवीतल्या पिशवीत ते कार्ड उघडलं नि त्यातून एक बाई परक्या भाषेत केकाटायला लागली. मी पिशवीवर बसले. ती खालून गात राहिली. शेवटी पिशवी शालीखाली घेऊन, पोटाशी आवळून बाहेर पडले. बघणाऱ्याला वाटलं असेल, म्हातारी चर्चमधून कोंबडी चोरून नेतेय.

प्रिय ठिणगे,

आता ख्यालीखुशाली. मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत, पण त्यांचं आणि माझं फार दिवसांपासून पटत नाही. तुझी आई बरी आहे, तुझा बापही खातोपितो. माझं अक्षर वाचता येत नसेल तर मोठ्याने वाच, कानाला कळेल. चार इयत्तांत जेवढं बसलं तेवढंच माझ्या हाताला येतं.

तर ते कार्ड. वर दोन अस्वलं एकमेकांच्या गळ्यात पडलेली. अस्वलांचा आणि या संताचा संबंध काय, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. खाली त्याचं नाव, व्हॅलेंटाईन, झुपकेदार अक्षरांत. आणि नावापुढचं 'संत' कुठे गेलं? कुणी खाल्लं? माणूस मेल्यावर त्याच्या अंगावरचं घड्याळ काढून घेतात तसं त्याचं 'संत' काढून घेतलं आणि उरलेलं बाजारात मांडलं. आणि आत, अस्वलांच्या बुडाखाली, तुझी ओळ: पुढच्या महिन्यात आम्ही दोघंच कचेरीत जाऊन लग्नाच्या सह्या करणार आहोत, बाबांना सांगू नकोस. आणि पुढे एक छोटं लाल हृदय, म्हणजे मला वाईट वाटू नये. जन्माची गोष्ट, आणि सांगायला तुला अस्वलं लागली. त्या ओळीकडे मी येते. पण आधी मला नीट रागावून घेऊ दे, नाहीतर उरलेला राग चुकीच्या माणसावर निघेल.

आपली गल्ली तू बघायला हवी होतीस. महिनाभर आधीपासून सगळ्या दुकानांच्या काचा लाल. न्हाव्याने आरशाला हृदय चिकटवलं. दातांच्या डॉक्टरने पाटी लावली की प्रेमात पडा, पण दात किडू देऊ नका. चपलांच्या दुकानात डाव्या आणि उजव्या चपलेला लाल फितीने बांधून खाली लिहिलं होतं, एकमेकांवाचून अपुरे. ते त्यातल्या त्यात मला पटलं. खाटकाने खिम्याचं हृदय थापून काचेत ठेवलं. खरं हृदय मागच्या ताटात पडलेलं होतं, पण ते कुणी घेईना. मला तेव्हाच वाटलं, झालं, या सणाचं सगळं सार या खाटकाच्या काचेत आलं.

आणि आपलं दुकान कशाला मागे राहतंय? तुझ्या बापाने हृदयाचे साचे आणले. रबराचे, मऊ, दाबलं की आतली मेणबत्ती पटकन बाहेर. आपल्या मागच्या खोलीत, जिथे तुझ्या आजोबांनी चौकटीवर वाती टांगून, गरम मेणात बुडवून, वाळवून, परत बुडवून एकेक मेणबत्ती थरांनी वाढवली, तिथे आता लाल रंग ओततात आणि वर गुलाबाचा वास टाकतात. डोकं दुखतं त्या वासाने. आणि जळतात तरी का नीट? मधली वात आपल्यापुरतं भोक पाडून खाली जाते आणि स्वतःच्याच मेणात बुडून मरते, कडेचं हृदय आहे तसंच. मी म्हटलं, अरे, ही मेणबत्ती आहे की नमुना? तो म्हणाला, आई, ही कुणी जाळत नाही, नुसती देतात. आता बोला. न जळणारी मेणबत्ती, न मानलेला संत आणि न केलेलं लग्न, सगळं नुसतं द्यायला-घ्यायला.

तो काही मूर्ख नाही, हे मीही जाणते. वीज आल्यापासून मेणबत्त्या कुणाला लागतात? या एका लाल महिन्यावर दुकान पुढचं अर्धं वर्ष रेटतं, माझी औषधंही त्यातूनच येतात. हे तो मला दर खेपेला ऐकवतो आणि दर खेपेला ते खरं असतं. म्हणून मी हृदयांविषयी दात-ओठ खाऊन गप्प होते. विक बाबा, म्हटलं. पण त्यापुढे जे केलं, त्याला माझ्याकडे क्षमा नव्हती.

तुला निळ्या दांड्याचं पातेलं आठवतंय ना? लहानपणी त्याला हात लावलास म्हणून माझा मार खाल्ला होतास. मोठ्या कढईत दुकानाचं मेण, आणि त्या निळ्या पातेल्यात चर्चचं. चर्चमधून जळून उरलेले तुकडे आपल्याकडे परत येतात, ते वितळवून, गाळून, त्याच्याच मेणबत्त्या करून परत चर्चला द्यायच्या. जे चर्चमधून येतं ते चर्चमध्येच जातं, हा तुझ्या आजोबांचा नियम, आणि दुसरा नियम त्या माणसाला नव्हताच. कुणाच्या बाप्तिस्म्याला पेटलेली, कुणाच्या शवपेटीजवळ रात्रभर जळलेली, कुणी आजारी पोरासाठी लावलेली, सगळ्यांची बुडखी त्या पातेल्यात एक व्हायची. आणि लग्नाची मेणबत्ती नेहमी त्याच मेणाची. ते म्हणायचे, नवरानवरीला वाटतं आपण दोघंच, म्हणून या मेणात सगळ्यांना घालतो. तुझ्या आई-बापाची तशीच केली होती. आजोबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी जळलेल्या मेणबत्त्यांची बुडखीही मी त्याच पातेल्यात टाकली, आणि तेवढं मेण बाजूला ठेवून दिलं. कशासाठी, ते विचारू नकोस. पातेल्यावर झाकण, झाकणावर वीट.

सणाला आठवडा उरला तेव्हा त्या चौकातल्या मोठ्या हॉटेलची मागणी आली. प्रत्येक टेबलावर एक हृदय. दुकानाचं मेण संपलं, मेणवाल्याची गाडी वेळेवर आली नाही, आणि तुझ्या बापाने वीट उचलली. मी खाली आले तर पातेलं मोकळं, आत कडेला लाल गोल. मला आधी वाटलं काहीतरी कापलं, रक्त आहे. मग गुलाबाचा वास आला. मी त्याला विचारलं, आणि त्याने मान वर न करता साच्यातून हृदय दाबून काढत सांगितलं, "मेण ते मेण, आई. त्याला कुठे कळतं ते कुणाचं आहे?"

मी त्या दिवशी जेवले नाही, हे तुझ्या आईने तुला फोनवर सांगितलं असेल. पोट बिघडलं म्हणून, असं सांगितलं असेल. पोट ठणठणीत होतं. ज्या माणसाने जन्मभर त्या पातेल्यात दुसरं मेण पडू दिलं नाही, त्याच्या मरणाची मेणबत्ती हॉटेलच्या टेबलावर, बशा आणि चमच्यांमध्ये, कुणीतरी कुणाला बघून डोळे मिचकावतंय म्हणून! आणि तीही न पेटवता.

आता तुला वाटेल, म्हातारी मेणासाठी एवढी का तापली. मेणासाठी नाही गं. हा सण काय होता ते तू विसरलीस, तुझा बाप विसरला आणि चर्चही विसरलं म्हणून. लहानपणी तू माझ्या मांडीवर बसून ऐकायचीस, ते जुने फादर बोलायचे तेव्हा. राजाने हुकूम काढला की शिपायांनी लग्न करायचं नाही. बायको घरी असली की माणूस मरायला कचरतो. हा व्हॅलेंटाईन, साधा धर्मगुरू, लपूनछपून, एका मेणबत्तीच्या उजेडात लोकांची लग्नं लावायचा. पकडला. तुरुंगात घातला. तिथल्या पहारेकऱ्याची मुलगी आंधळी, तिच्यासाठी त्याने प्रार्थना केली आणि तिला दिसायला लागलं म्हणतात, आणि पहारेकऱ्याच्या घराने येशूला धरलं म्हणतात. मग त्याचं डोकं उडवलं. यात खरं किती आणि सांगणाऱ्यांनी घातलेलं किती, ते वर गेल्यावर त्यालाच विचारीन. पण डोकं गेलं एवढं नक्की. डोकं त्याचं गेलं आणि लोक हृदयं विकतायत, कारण डोकं विकायला काढलं तर लोकांना ते वापरावं लागेल.

लग्न म्हणजे त्याच्या मते जीव गेला तरी चालेल अशी गोष्ट होती. देवासमोर शब्द द्यायचा आणि मग तो रोज, शिळं खाऊन, आजारपणं काढून, एकमेकांची तोंडं बघून पाळायचा. त्याच्या सणाला आमच्या वेळी त्या वर्षी लग्न झालेली जोडपी बाजूच्या वेदीपाशी यायची, आपलीच मेणबत्ती परत पेटवायची आणि शब्द परत म्हणायची. वर्षभरात कळलेलं असायचं ना कशाला हो म्हटलं ते, म्हणून दुसऱ्यांदा म्हणताना आवाज निम्मा यायचा. तरी म्हणायची. तो खरा सण.

आणि यंदा? नव्या फादरांनी चर्चच्या दारात फुग्यांची कमान लावली. हृदयाच्या आकाराची, आत उभं राहून फोटो काढायला. तरुण फादर, मनाने चांगला, पण दाढी आली म्हणजे अक्कल आली असं नाही. कमानीला जागा हवी म्हणून संताची तसबीर उतरवून झाडू ठेवायच्या खोलीत नेली. कार्डाचा तो तमाशा झाल्यावर मी बाहेर पायरीवर बसले होते, तर मिस्सा संपवून तोच हसत हसत आला. म्हणाला, आजी, आज चर्चमध्ये त्याचं नाव घेणारं तुमचं कार्डच एकटं होतं. मी म्हटलं, ते कार्ड निर्बुद्ध आहे, त्याला माफ आहे. तुम्ही शिकलात ना? तसबीर झाडूंजवळ का आहे? तर म्हणे ती उदास दिसते, आणि तरुण मंडळी कमानीमुळे दारापर्यंत तरी येतात. मी म्हटलं, दारापर्यंत कुत्रंही येतं. आत काय वाढणार आहात ते सांगा. त्याचं हसू गेलं. मला थोडं वाईट वाटलं, पण फार नाही.

संध्याकाळी दारात मेळा होता. जोडपी, कमान, गाणी, आणि कमानीशेजारी तुझ्या बापाचं टेबल. हॉटेलाला देऊन उरलेली हृदयं तो तिथे विकत होता. तुझी आई सुट्टे पैसे देत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती. मी मुद्दाम चांगलं लुगडं नेसून गेले. काय दिसलं सांगू? भडक लाल हृदयं भराभर जात होती. पण एका बाजूला एक ढीग तसाच पडला होता, विटेच्या रंगाच्या, मळक्या हृदयांचा. लोक उचलायचे, वास घ्यायचे आणि परत ठेवायचे. मी एक उचललं, नाकाशी नेलं, आणि गुलाबाच्या खालून मला आपल्या मागच्या खोलीचा वास आला. चर्चचं मेण मधमाशीचं, पिवळं. त्याच्यावर लाल रंग चढवला तर तो विटकरी होतो. हॉटेलवाल्याने हीच निवडून परत केली होती. कुणालाच ती नको होती. तुझे आजोबा असेच होते, सहजासहजी विकले न जाणारे.

आता तुझ्या त्या ओळीकडे येते. तुझा सुतार मला फार आवडला असं समजू नकोस. जेवताना बोलतो. तोंडात घास आणि हातात मुद्दा. पण मागच्या वर्षी तू त्याला घरी आणलंस तेव्हा तुझ्या बापाने विचारलं की सुतारकाम कुठल्या कारखान्यात शिकलास, आणि तो सरळ म्हणाला, तुरुंगात. दुसरा असता तर चार कारखान्यांची नावं फेकली असती. मुकादमाचा जबडा मोडला होता त्याने. मुकादम दुष्ट होता असं तू सांगतेस, असेल. जबडा दुष्टाचाही दुखतो. केलं ते त्याने केलं, भोगलं तेही त्याने भोगलं, मी त्यात साखर घालत नाही. पण तुझ्या बापाने काय केलं? ताटावरून उठला आणि दार उघडून धरून उभा राहिला. सुतार गेला, त्याच्यामागे तू गेलीस, आणि त्याने माझ्यासाठी आणलेलं स्टूल तेवढं मागे राहिलं. ते डगमगतं, हेही सांगून ठेवते. एक पाय आखूड आहे.

तर मी त्या टेबलापाशी उभी राहिले. गिऱ्हाइकं होती, फादर कमानीपाशी होता. मला कुणाची भीती? या वयात माणसाला एकच फायदा असतो, मध्येच कुणी गप्प कर म्हणत नाही. मी ते विटकरी हृदय तुझ्या बापासमोर ठेवलं आणि विचारलं, "ज्याच्या नावावर हे विकतोस, तो शेवटी कुठे होता?"

तो म्हणाला, घरी जा आई, थंडी आहे. मी परत तेच विचारलं. त्याला माहीत होतं, ठिणगे. तुझ्या आधी तो बसायचा माझ्या मांडीवर. त्याने खाली बघून हळूच सांगितलं, "तुरुंगात."

"मग तिथून आलेला एक माणूस तुझ्या ताटावर बसला होता, तेव्हा तू दार उघडलंस खरं. कुठल्या बाजूला उघडलंस?"

त्या हृदयांच्या रांगा सरळ होत्या, त्याच तो परत सरळ करत बसला. तुझ्या आईने डोळ्यांना पदर लावला, तिचं ते नेहमीचंच. गिऱ्हाइकांनी हातातली हृदयं खाली ठेवली की घेऊन गेली, ते मी पाहिलं नाही. आणि तेव्हाच मी त्याला दुसरंही सांगितलं, जे सांगू नकोस असं तू लिहिलं होतंस. तुझी मुलगी पुढच्या महिन्यात कचेरीत सही करतेय, तुझ्याशिवाय, माझ्याशिवाय, मेणबत्तीशिवाय. हो, सांगितलं. तुला राग येईल. येऊ दे. गुपित ठेवायचं होतं तर कार्डात गाणं घालायचं नव्हतं.

फादरने ऐकलं असावं. तो आत गेला आणि झाडूंच्या खोलीतून तसबीर काढून घेऊन आला, कोळिष्टकांसकट. शर्टाच्या बाहीने पुसली आणि कमानीच्या मधोमध टांगली, तिथे जिथे लोक डोकी ठेवून फोटो काढत होते. मग गाणी बंद करून तिथेच उभ्याउभ्या त्याने या माणसाची गोष्ट सांगितली. बोलला बरा. थोडक्यात बोलला, हे जास्त बरं. काही पोरं-पोरी कंटाळून गेली, काही थांबली. एका पोराने तुरुंगाचं ऐकल्यावर आपल्या पोरीचा हात सोडला आणि मग परत धरला, जरा वेगळ्या रीतीने. मी एवढंच म्हणते, सणाला त्याचा माणूस परत मिळाला. फुगे आपोआप बसतात, दोन दिवस थांबलं की झालं.

दुसऱ्या सकाळी मी उरलेली सगळी विटकरी हृदयं निळ्या पातेल्यात टाकली. आधी पातेलं तीनदा घासलं. वितळल्यावर फडक्यातून गाळून वाती आणि पत्र्याच्या चकत्या काढल्या, मग उघडं ठेवून मंद आचेवर गुलाब उडू दिला. लाल रंग काही गेला नाही. मेणात गेलेला रंग कुणाच्या बापाच्याने निघत नाही. चौकटीला दोन वाती बांधल्या, पण माझी मनगटं आता चौकट पेलत नाहीत; पहिल्याच बुडीला वाती वाकड्या गेल्या आणि मी अशी शिवी दिली की तुला लिहून कळवता येणार नाही. तेव्हा मागून तुझा बाप आला. चौकट माझ्या हातातून घेतली. वाती सरळ केल्या, बुडवली, वर धरली, ठिबकू दिली, वाळू दिली, परत बुडवली. त्याच्या बापासारखीच, श्वास रोखून. किती तरी वेळ आम्ही दोघं तिथे होतो. दुपार झाली तेव्हा दोन मेणबत्त्या अंगठ्याएवढ्या जाड झाल्या होत्या. लग्नाची मेणबत्ती विटकरी नसते, हे मलाही कळतं. या विटकरीच आहेत. आता खिळ्यावर टांगल्यात.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, कार्डाची तक्रार दोन ओळींत झाली असती. चौकट खिळ्याला लावून, पाठ माझ्याकडे ठेवूनच तुझा बाप म्हणाला, "मला मुलीने कळवलं, आता तू कळवलंस. त्याने कधी विचारलं?" आणि ठिणगे, यात तो खरा आहे. तू भांडलीस, तुझी आई रडली, मी भर मेळ्यात त्याची अब्रू काढली. पण ज्याला मुलगी हवी आहे त्याने त्या दिवसापासून तोंडातून शब्द काढलेला नाही. दारातून बाहेर काढलेल्या माणसाला लाज वाटत असेल, मान्य. पण लाजेला लग्नात पाट मांडत नाहीत. फादरांशी मी बोलून ठेवलंय, उपवासकाळ संपल्यावरचा पहिला शनिवार त्यांनी मोकळा धरलाय, त्या बाजूच्या वेदीपाशी. तुमची कचेरीतली सही कायद्याला हवी असेल तर करा, मी कायद्याच्या आड येत नाही. पण शब्द इथे द्यायचा, या मेणाच्या उजेडात, आणि आजोबा त्या मेणात आहेत हे लक्षात ठेवून द्यायचा. तुझं गाणारं कार्ड त्या स्टुलाच्या आखूड पायाखाली सरकवलंय. मी बसले की अजून जरा कुंथतं, पण स्टूल डगमगत नाही. तरी पाय नीट करायला सुताराने स्वतः यावं. आणि या पत्राला उत्तर तू लिहायचं नाहीस, तुझ्या गोड शब्दांत तुझा बाप अडकतो आणि मग चिडतो. मलाही लिहायचं नाही. उत्तर सुताराने लिहायचं, त्याच्या हाताने, साध्या कागदावर, ज्यात काही वाजत नाही अशा. आणि लिहायचं ते तुझ्या बापाला.

तुझीच,
आजी